अबिगेलच्या दक्षिणेला

१

"हे इथं नव्हतं," डेलिया मॉट म्हणाली.

आम्ही दोघी गिडिंग्जांच्या शेतातल्या जुन्या दफनभूमीत उभ्या होतो. एप्रिलचा चिखल बूट सोडत नव्हता. टेकाडाच्या उतरणीला, जिथे गिडिंग्जांचे गुलाम बिननावाच्या धोंड्यांखाली पुरलेले आहेत, तिथे काळ्या पाटीचा एक नीट घडवलेला दगड उभा होता. त्यावर कोरलेलं एवढंच: फीबी, मृत्यू १७७१, वय एकोणीस.

मी विचारलं, मग कुठे होतं? तिने काठीने वर माथ्याकडे दाखवलं. तिथे एका मोठ्या मेपलखाली डीकन असाहेल गिडिंग्जची मुलं ओळीने निजलेली आहेत.

"त्या रांगेत. मी नऊ वर्षांची होते. आजीने माझा हात धरून त्या दगडावर ठेवला आणि म्हणाली, ही आपली. मेपलचं मूळ होतं, त्याला मी ठेचकाळले होते. इथं कुठंय मेपल?"

मी लोइस पार्मली. लोकांच्या वंशावळी काढून देते. कनेटिकट नदीच्या काठाने राहणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच आपला पूर्वज मोठा जमीनदार असावासा वाटतो, आणि बहुतेकांचा पिंपं बनवणारा किंवा डुकरं राखणारा निघतो. मी हे तोंडावर सांगते. त्यामुळे लोक मला कामाला बोलावतात आणि काम झाल्यावर माझ्याशी बोलायचे बंद होतात. या वेळी ईस्ट हॅलम गावाच्या इतिहास मंडळाने बोलावलं होतं. मंडळ म्हणजे कॉन्स्टन्स गिडिंग्ज, दुसरं कोणी नाही.

भानगड अशी होती. डीकन असाहेल म्हणजे जुन्या चर्चचा मोठा मानकरी. त्याने १७७४ च्या मृत्युपत्रात हे टेकाड "माझ्या मुलांना आणि त्यांच्यापासून जे होतील त्यांना, कायमचं" दफनासाठी राखून ठेवलं होतं. तो हक्क आजही जमिनीबरोबर चालत आलेला आहे. डेलियाला मेल्यावर तिथे, फीबीशेजारी, निजायचं होतं. ती एक्याऐंशी वर्षांची होती, हृदय थकलेलं होतं, आणि पुढच्या हिवाळ्याचा विषय निघाला की तिचा डॉक्टर हवापाण्याबद्दल बोलायला लागायचा.

फीबीपासून डेलियापर्यंतची साखळी मी महिन्याभरात जुळवली होती. तिच्यात एकही कडी कच्ची नव्हती. अडलं होतं ते वर. फीबीची आई टेमर ही डीकनची गुलाम. फीबीचा बाप कोण, हे एकाही कागदावर नाही. बाप डीकन असेल तर डेलियाला जागा मिळणार; नसेल तर ती परकी. आणि मालकाच्या मुलांच्या रांगेत गुलामाच्या पोरीला त्या काळी कोणी उगाच पुरत नसे. म्हणजे एक दगड कुठे उभा होता, यावर एका म्हातारीची शेवटची जागा ठरणार होती.

"मला वेड लागलेलं नाही, पोरी," डेलिया गाडीत बसताना म्हणाली. मी तशी साठीला आलेय. पण पोरी म्हटलेलं मला आवडलं.

२

तिघांना विचारायचं होतं.

पहिला वॉरन गिडिंग्ज, शेताचा मालक. तो गोठ्याच्या दारात उभा होता आणि माझ्याकडे न बघता बोलत होता. शेत विकायला काढलं होतं. घेणारे लोक तिथे लग्नाचा हॉल बांधणार होते आणि नवरानवरीच्या फोटोंत ताजं थडगं त्यांना नको होतं. "माझ्या जमिनीत मेलेले पुरेसे आहेत," तो म्हणाला. दगड हलवलास का, असं विचारल्यावर त्याने थुंकून सांगितलं की त्या टेकाडावर तो फक्त चुकलेल्या गायी शोधायला जातो आणि गायींना वाचता येत नाही.

दुसरी त्याची थोरली बहीण कॉन्स्टन्स. लग्न केलं नाही, सगळं आयुष्य गिडिंग्ज घराण्याच्या इतिहासावर घातलं. तिने मला मऊ खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातची कॉफी दिली. डेलियाबद्दल ती फार मायेने बोलली. बिचारी, वय झालंय, नवव्या वर्षीच्या आठवणी अशाच सरकतात. दगड कायम खालीच होता. मी म्हटलं, माथ्यावरच्या रांगेत डीकनची मुलगी अबिगेल हिच्या दक्षिणेला एक जागा रिकामी दिसते, पायथ्याशी छोटा दगड आहे आणि उशाशी काहीच नाही. कॉन्स्टन्सने मान हलवली. "ती प्रुडन्स. डीकनची धाकटी, तान्हेपणीच गेली. छोट्या दगडावर पी. जी. अशी अक्षरं आहेत बघ. प्रुडन्स गिडिंग्ज. उशाचा दगड केव्हाच फुटला."

तिसरा लाइल एव्हरिल, थडगी दुरुस्त करणारा. मागच्या उन्हाळ्यात मंडळाने त्याच्याकडून टेकाडावरचे सगळे दगड धुवून, कललेले सरळ करून घेतले होते. नाकासमोर बघून चालणारा, मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, जे जिथे होतं ते तिथे आहे. हे बोलताना त्याने हातातली छिन्नी दोनदा पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा एकटी टेकाडावर गेले. फीबीच्या दगडावरची अक्षरं नीट उतरवून घ्यायची होती. ऊन तिरपं पडलं होतं, कोरीव काम छान उठून दिसत होतं. मी वाकले, वही गुडघ्यावर घेतली, आणि थांबले.

मी फीबीच्या अंगावर उभी होते.

३

आजच्या दफनभूमीत हे सगळेच करतात. उशाच्या दगडावरची अक्षरं मृताच्या पायांकडे तोंड करून असतात. वाचायचं तर कबरीवरच उभं राहावं लागतं. जुन्या काळी इथे तसं नव्हतं. मृताचं डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला, आणि अक्षरं दगडाच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे पश्चिमेला. येणाऱ्याने डोक्यामागे उभं राहून वाचायचं. निजलेल्या माणसावर पाय द्यायचा नाही.

मी माथ्यावर जाऊन एकेक दगड पाहिला. असाहेल, त्याची बायको जेरूशा, अबिगेल, एलिफलेट, सगळे पश्चिमेकडे तोंड करून. आख्ख्या टेकाडावर एकटी फीबी उलटी.

आणखी एक गोष्ट होती. त्या काळी कबरीला दगडांची जोडी असे, पलंगाला असतात तशी: उशाला मोठा, पायथ्याला छोटा. डीकनच्या इस्टेटीच्या हिशेबात मी स्वतः वाचलं होतं, 'फीबीसाठी दगडांची एक जोडी'. खाली उतरणीला जोडी नव्हती. फक्त उशाचा दगड होता.

म्हणजे दगड हलवलेला होता, आणि हलवणाऱ्याला जुनी रीत माहीत नव्हती. पायथ्याचा दगड असतो हेही त्याला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर थेट वॉरन उभा राहिला. शेत विकायचं होतं त्याला. आईबाप गावच्या नव्या दफनभूमीत, तिथे सगळी अक्षरं आतल्या बाजूला. मी तडक त्याच्याकडे गेले आणि सांगून टाकलं.

तो चिडला नाही, हसला. "मी हलवला असता तर ट्रॅक्टरने हलवला असता. आणि मोडला असता. जा, जाऊन त्याचा तळ बघ."

मी गेले आणि हाताने माती उकरली. दगडाखाली खडीचा थर होता, चारी बाजूंनी ठोकून बसवलेला. पातळी सुतात होती. वॉरनच्या सगळ्या शेतात कुंपणाचा एक खांब सरळ उभा नाही. हे काम त्याचं नव्हतं. हे हात सरावलेले होते, आणि अशा हातांना जुनी रीत माहीत नसणं शक्यच नव्हतं.

मग ज्याला रीत ठाऊक आहे त्याने दगड उलटा का लावावा?

४

हे कोडं मी बाजूला ठेवलं, कारण आधी रांगेतली जागा सिद्ध व्हायला हवी होती. डेलियाची आठवण, माझी वही, उलटा दगड, हे सगळं गावच्या बैठकीत कोणीही उडवून लावलं असतं.

जुन्या कागदांत सगळ्यात आधी हरवते ती बाई. तिचं आडनाव बदललं की ती गेलीच. डीकनची विधवा जेरूशा हिचं मृत्युपत्र नाही, असं कॉन्स्टन्सने लिहिलेल्या घराण्याच्या पुस्तिकेत छापलं आहे. गिडिंग्ज नावाने ते नाहीच. पण जेरूशाने नवरा गेल्यावर नदीपलीकडच्या एका म्हाताऱ्या कप्तानाशी लग्न केलं होतं. तिकडच्या न्यायालयाच्या दप्तरात, त्या कप्तानाच्या आडनावाखाली, ती मला सापडली. चांदीचे चमचे कोणाला, लोकरीचा झगा कोणाला, असं सगळं सांगून झाल्यावर तिने लिहवलं होतं की मला माझ्या पहिल्या नवऱ्याच्या टेकाडावर न्यावं, आणि माझ्या अबिगेलच्या उत्तरेला ठेवावं, कारण दक्षिणेला फीबी आहे.

राग नाही, लाज नाही, खुलासा नाही. दक्षिणेला फीबी आहे. जेरूशाला ते रोज दिसत होतं आणि तिला ते सांगायला एक ओळ पुरली.

आता उरली तान्ही प्रुडन्स. अबिगेलच्या दक्षिणेला ती असेल तर फीबी तिथे कशी? चर्चच्या दफनांच्या नोंदीत पाद्रीबुवांनी त्या घरातली प्रत्येक तान्ही लिहिली आहे, नाव ठेवायच्या आधी गेलेलीसुद्धा. प्रुडन्स त्यांत नाही. ती सापडली डीकनच्याच मृत्युपत्रात, पार शेवटी: 'माझी मुलगी प्रुडन्स, जी आता नेथन टलरची बायको आहे, तिला तिची गाय आधीच मिळाली आहे.' पुढे मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरांतल्या एका गावाच्या दफनाच्या नोंदीत ती आहे, प्रुडन्स टलर, वय चौऱ्याहत्तर. तान्हेपणी गेलेली बाई गायीचा वाटा घेऊन नांदायला जात नाही.

मग पी. जी. कोण?

हे कळलं तेव्हा मी दप्तराच्या खोलीत होते. उशाच्या दगडावर डीकनने नुसतं 'फीबी' लिहवलं होतं, कारण तो येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतो. पायथ्याचा दगड गवतात बुडतो, त्याच्याकडे कोणी बघत नाही. तिथे त्याने तिला आपलं आडनाव दिलं होतं. फीबीचं इंग्रजी स्पेलिंगही पी नेच सुरू होतं. फीबी गिडिंग्ज. सगळ्या गावासमोर ज्याला बाप म्हणवून घेता आलं नाही, तो मेलेल्या पोरीच्या पायांशी एक अक्षर ठेवून मोकळा झाला. मला त्या माणसाची कीव आली नाही. आजही येत नाही.

५

लाइल एव्हरिल त्याच्या शेडमध्ये एका देवदूताचं नाक बसवत होता. मी सगळं समोर मांडलं आणि म्हटलं, खडीचा थर तुझा आहे, उलटा दगडही तुझाच आहे, फक्त कारण सांग.

तो म्हणाला, "मुद्दाम लावला उलटा. म्हटलं, कोणीतरी ओळखेल. पायथ्याचा दगडही काढता आला असता. मी सांगितलं, मेपलच्या मुळाने धरलाय, काढला तर फुटेल. तो तसा धरलेला नव्हता."

"आणि तोंड? तोंडाला काय झालं होतं?"

"बाई, खोऱ्यातल्या पाच गावांचं काम मला तिच्या शिफारशीने मिळतं."

ती कोण, हे मी विचारलं नाही. पी. जी. म्हणजे प्रुडन्स, हे मला एकाच माणसाने सांगितलं होतं, आणि तो माणूस गिडिंग्जांची प्रत्येक जन्मनोंद पाठ म्हणतो. मी लाइलकडे पाहिलं. चांगलं करायचं, पण कोणाला दिसणार नाही अशा बेताने, ही जात डीकनबरोबर संपली नव्हती तर.

कॉन्स्टन्सने दार उघडलं आणि माझ्या हातातला जेरूशाच्या मृत्युपत्राचा कागद पाहिला. कॉफी या वेळी मिळाली नाही. दगड आपणच हलवायला लावला हे तिने नाकारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात लाइलने शेवाळ घासलं तेव्हा ती अक्षरं पहिल्यांदा वर आली होती. तोवर ती कोणी वाचलीच नव्हती. फीबीच्या उशाचा दगड रांगेत आहे हे कॉन्स्टन्सला लहानपणापासून माहीत होतं. दयाळू डीकनने घरच्या मोलकरणीला मान दिला, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. पी. जी. दिसलं आणि ती समजूत मोडली. डेलिया तेव्हा मंडळात येऊन आपल्या आजीची गोष्ट सांगायला लागलेलीच होती.

"वॉरनला वाटतं, मी त्याच्या विक्रीसाठी गप्प आहे," ती म्हणाली. "विक्री गेली खड्ड्यात. लोइस, टेमरच्या खरेदीची पावती माझ्याकडे आहे. डीकनने तिला विकत घेतलं तेव्हा ती बारा वर्षांची होती. फीबी झाली तेव्हा पंधराची. हा हिशेब मलाही येतो."

"मग?"

"मग काय? माझ्या आईने मला त्याच्या थडग्यावर अक्षरं गिरवायला शिकवलं. त्याच्या नावाने आम्ही प्रार्थना करतो. आता त्याच्याकडे बघून मी काय म्हणू?"

"तू त्याला काहीही म्हण. पण पोरीला रांगेतून उचललंस. तिच्या आईवर जे गुदरलं त्याची शिक्षा तू तिलाच दिलीस."

ती म्हणाली, मंडळाने तुझी निवड केली कारण तू कोणाचा दावा मान्य करत नाहीस. मी म्हटलं, कच्चा दावा मान्य करत नाही. मग तिने मला बाहेरचं दार दाखवलं, तेही सभ्यपणे.

६

गावच्या बैठकीला फार वेळ लागला नाही. मी जेरूशाची ओळ वाचली, प्रुडन्सची नोंद वाचली, लाइलने मान खाली घालून आपलं सांगितलं. सगळ्यांनी वॉरनकडे पाहिलं, जमीन त्याची म्हणून. डेलियाने गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलेलं होतं. वॉरन तिच्याकडे वळून म्हणाला, "मिसेस मॉट, तुमची मॅकरोनी भयंकर असायची." मग त्याने सही केली. लग्नाच्या हॉलवाल्यांनी पुढच्याच आठवड्यात माघार घेतली, आणि त्याबद्दल तो मला एका शब्दाने बोलला नाही.

मे महिन्यात लाइलने फीबीचा दगड वर नेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसवला. पैसे घेतले नाहीत. मी त्याचे आभार मानले नाहीत. डेलियाला बघायचं होतं म्हणून मी तिला घेऊन गेले, मेपलखाली घडीची खुर्ची टाकून दिली. तिने दगडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मग फीबीच्या दक्षिणेची गवताची पट्टी तिने काठीने मोजून पाहिली. "मला पुरेल," म्हणाली.

तेवढ्यात लाइल त्या पट्टीच्याही पुढच्या एका दगडाकडे गेला. नवा, गुळगुळीत, करडा ग्रॅनाइट. आमच्याकडे पुष्कळ लोक आपला दगड जिवंतपणीच उभा करून ठेवतात, शेवटची तारीख तेवढी मोकळी. त्यावर कॉन्स्टन्सचं नाव होतं. तिने तो दहा वर्षांपूर्वी तिथे लावून घेतला होता, आपल्या माणसांच्या रांगेच्या टोकाला. लाइलने तो उपसला, ढकलगाडीवर घातला आणि उतरणीने ट्रककडे नेऊ लागला.

"तो कुठे नेतोय?" डेलियाने विचारलं.

मला खोटं बोलावंसं वाटलं. जमलं नाही. कॉन्स्टन्सने गावच्या दफनभूमीत जागा घेतल्याचं मी सांगितलं. ती आता इथे येणार नाही.

डेलियाने ट्रक दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. "तिला सांग, मी झोपेत घोरत नाही."

मी हसले. ती हसली नाही. मांडीवरचा हातरुमाल तिने घडी केला, पुन्हा उलगडला.

"दर ईस्टरला ती माझ्याकडे केक घेऊन यायची, लोइस. तीस वर्षं. दारातूनच द्यायची, आत कधी आली नाही. मी म्हणायचे, बस जरा. आणि मला वाटायचं, तिला घाई असते."